तुमचं घर किती गुंठे खातं? वर्षभराचा ठसा मोजण्याची रीत

आपलं वर्षभराचं खाणंपिणं, जाणंयेणं आणि घरदार पुरवायला, शिवाय त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड शोषून घ्यायला किती सुपीक जमीन लागते, याचा हिशेब म्हणजे इकॉलॉजिकल फूटप्रिंट. पुढे त्याला नुसतं ‘ठसा’ म्हणू. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात विल्यम रीस आणि मॅथिस वॅकरनेगल यांनी ही पद्धत मांडली. देशांचे हिशेब ठेवणारी ग्लोबल फूटप्रिंट नेटवर्क ही संस्था २००३ साली सुरू झाली.

या हिशेबात सहा प्रकारची जमीन धरतात: पिकाऊ, चराऊ, जंगल, मासेमारीचं पाणी, बांधकामाखालची जागा आणि कार्बन शोषायला लागणारं जंगल. यातला शेवटचा प्रकार सगळ्यांत मोठा असतो. जगाच्या ठशात निम्म्याहून जास्त वाटा त्याचाच. मोजायचं एकक आहे ‘जागतिक हेक्टर’, म्हणजे जगातल्या सरासरी सुपीकतेचा एक हेक्टर. नाशिकमध्ये जमिनीचं बोलणं गुंठ्यात होतं, म्हणून इथे जागतिक हेक्टरचे शंभर भाग करून एका भागाला गुंठा म्हटलं आहे. खऱ्या हेक्टरमध्ये ९९ गुंठ्यांना किंचित कमी भरतात, तेव्हा चूक सुमारे सव्वा टक्क्याची.

तुलनेसाठी चार आकडे लक्षात ठेवा. पृथ्वीची ताकद, म्हणजे ती वर्षभरात जेवढं पुरवू आणि शोषू शकते तेवढं, माणशी सुमारे १५० गुंठे, जगाचा सरासरी वापर सुमारे २६० गुंठे. भारताचा वापर माणशी साधारण ११०, पण भारताच्या स्वतःच्या जमिनीची ताकद माणशी जेमतेम ४०. म्हणजे ‘आपण तर जगापेक्षा कमी वापरतो’ हे खरं असूनही आपलं घरचं ताट पुरत नाही.

वर्ष कुठून कुठे धरायचं

१ एप्रिल ते ३१ मार्च. पाडव्याला वही उघडायची कल्पना छान वाटते, पण तिथी पुढेमागे सरकते आणि अधिक मास आला की वर्ष तेरा महिन्यांचं होतं. मग दोन वर्षांची तुलना करता येत नाही.

एक महिना मोजून बाराने गुणायचं, ही सगळ्यांत जास्त होणारी चूक. आपल्याकडे गहू एप्रिल-मेमध्ये वर्षाचा भरतात, उन्हाळकामात पापड-कुरडया होतात, दिवाळीच्या महिन्यात तेल-साखर दुप्पट लागते आणि डिसेंबर-जानेवारीत गिझर. कुठलाही एक महिना उचला, तो वर्षाबद्दल खोटंच सांगणार.

पहिल्या दिवशी एवढं करून ठेवा. वीजमीटरचा फोटो, प्रत्येक गाडीच्या किलोमीटर काट्याचा फोटो, घरात शिल्लक असलेल्या गहू, तांदूळ, डाळ, तेल यांचं वजन, आणि चालू सिलिंडर कोणत्या तारखेला लावला त्याची नोंद. गव्हाच्या कोठीचं वजन करायला ताणकाटा पुरतो. कोठी उचलवत नसेल तर गहू पिशव्यांत काढून तोला. वर्षअखेरीला हेच पुन्हा. सूत्र एकच: सुरुवातीची शिल्लक, अधिक खरेदी, वजा शेवटची शिल्लक.

माणसंही मोजायची. शिकायला पुण्याला असलेली मुलगी, चार महिने येऊन राहणारे आजी-आजोबा, दिवाळीचे पाहुणे, सगळ्यांचे ‘माणूस-दिवस’ लिहा. बेरजेला ३६५ने भागलं की घरात खरोखर किती माणसं जेवली ते कळतं. चार माणसांचं घर या हिशेबात ३.४ निघतं किंवा ४.६, आणि माणशी आकडा तिथेच पालटतो.

वीज, गॅस, इंधन

कार्बनचे गुंठे असे काढतात. १ टन कार्बन डायऑक्साइडपैकी पाव हिश्शाहून थोडा जास्त समुद्र शोषतो. उरलेल्या सुमारे ७२० किलोंसाठी जंगल लागतं. जगातलं सरासरी जंगल हेक्टरी वर्षाला साधारण २.७ टन शोषतं आणि जंगलाचा समतुल्य गुणक, म्हणजे त्या प्रकारच्या जमिनीची सुपीकता जागतिक सरासरीच्या किती पट हे सांगणारा आकडा, सुमारे १.२८ आहे. गुणाकार-भागाकार केला की १ टनाला ३४ गुंठे येतात. थोडक्यात, ३० किलो कार्बन डायऑक्साइडला १ गुंठा. हा एक आकडा पाठ असला की बाकीचं सोपं होतं:

वीज: ३५ युनिटला १ गुंठा
पेट्रोल: १३ लिटरला १ गुंठा
डिझेल: ११ लिटरला १ गुंठा
सीएनजी: ११ किलोला १ गुंठा
पाइपचा गॅस: १५ घनमीटरला १ गुंठा
१४.२ किलोचा सिलिंडर: एकाला १.४ गुंठे

विजेचा आकडा असा आला. देशाच्या ग्रीडमध्ये, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्यात, एका युनिटमागे सुमारे ०.७२ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. एकलहऱ्याचं औष्णिक केंद्र शेजारी असलं तरी आपली वीज तिथलीच असं धरायचं नाही. सगळी वीज एका ग्रीडमध्ये जाते आणि तिथूनच येते. वाटेतली गळती मिळवली की घरात पोचलेल्या युनिटमागे ०.८५ किलोच्या आसपास पडतो.

युनिट मोजताना बारा बिलांची बेरीज करू नका. रीडिंग घेता आलं नाही की सरासरीचं बिल येतं, पुढच्या महिन्यात दुरुस्ती होते आणि बेरजेत घोळ होतो. पहिल्या आणि शेवटच्या दिवसाच्या रीडिंगमधला फरक घ्या. सोसायटीत राहत असाल तर लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे यांच्या मीटरचे युनिट सदनिकांच्या संख्येने भागून आपला वाटा धरा. हा वाटा बहुतेक जण विसरतात, आणि पाणी सातव्या मजल्यावर चढवायला वीज लागते.

छतावर सोलर असेल तर बिलातला ‘निव्वळ’ आकडा फसवा असतो. ग्रीडमधून आत आलेले युनिट वेगळे लिहा आणि बाहेर गेलेले वेगळे. ठशात आत आलेले धरायचे. बाहेर गेलेल्यांची वजाबाकी करायची की नाही हे पहिल्या वर्षीच ठरवा आणि दर वर्षी तसंच करा. इलेक्ट्रिक स्कूटर घरी चार्ज होत असेल तर तिची वीज बिलात आलेलीच आहे, पुन्हा लिहू नका. घराच्याच मीटरवर पिठाची गिरणी किंवा शिलाईचा कारखाना चालत असेल तर ती वीज बाजूला काढा.

पेट्रोलच्या पावत्या कुणी जपून ठेवत नाही, म्हणून काट्यावरून काढा. टाकी काठोकाठ भरा, साधारण दोनशे किलोमीटर चालवा, पुन्हा काठोकाठ भरा. दुसऱ्यांदा किती लिटर बसलं त्यावरून खरा ॲव्हरेज मिळतो. कंपनीच्या माहितीपत्रकातला आकडा घेतला तर ठसा हमखास कमी निघतो, कारण द्वारका चौकातली गर्दी माहितीपत्रकात नसते.

प्रवासाचा एक हिशेब नीट बघण्यासारखा आहे. नाशिक-मुंबई रस्त्याने जाऊन-येऊन सुमारे ३४० किलोमीटर. लिटरला १५ देणारी गाडी २३ लिटर पेट्रोल पिते, म्हणजे पावणेदोन गुंठे. हेच नाशिक रोडहून रेल्वेने गेलात तर एकेरी १८८ किलोमीटर. रेल्वेला प्रवासी-किलोमीटरमागे १० ग्रॅम धरा, म्हणजे ३,००० किलोमीटरला १ गुंठा. चौघं मिळून गेलात-आलात तर अर्धा गुंठा. गाडीत चौघं असतील तर फरक साडेतीन पट. एकटे गेलात तर चौदा पट. बससाठी प्रवासी-किलोमीटरमागे १५ ग्रॅम, म्हणजे २,००० किलोमीटरला १ गुंठा, असं धरून चाला. ओझरहून विमानाने दिल्ली साधारण १,००० किलोमीटर. किलोमीटरला १२० ग्रॅमप्रमाणे एका बाजूच्या एका तिकिटाला ४ गुंठे. घरचे चौघं एकदा जाऊन आले की ३२ गुंठे होतात, म्हणजे ११२० युनिट विजेइतके.

किराणा आणि दूध

किराण्याचे गुंठे काढताना खाल्लेल्या किलोंना जगाच्या सरासरी हेक्टरी उत्पादनाने भागतात. इथे शेती करणारे वाचक हमखास अडखळतात. ‘आमच्याकडे गहू हेक्टरी ४० क्विंटल निघतो, मग त्याने का भागायचं नाही?’ आपल्या उत्पादनाने भागलं तर खरे हेक्टर मिळतात. त्यांचे जागतिक हेक्टर करायला आपलं उत्पादन जगाच्या सरासरीच्या किती पट, या गुणकानेही गुणावं लागतं. दोन्ही केलं की आपलं उत्पादन वर-खाली कटतं आणि जगाची सरासरीच उरते. म्हणून थेट जगाच्या सरासरीने भागा आणि पिकाऊ जमिनीचा गुणक २.५ लावा. अर्धं काम करून थांबलात तर उत्तर चुकतं.

या रीतीने १०० किलोला पडणारे गुंठे, ठोकळमानाने: गहू ७, तांदूळ ८, ज्वारी १७, बाजरी २५, डाळी ३५, साखर साडेतीन, भाजीपाला-कांदा-बटाटा सव्वा. सोयाबीनचं तेल १०० किलोला २५. इथे सोयाबीनची अर्धी जमीन तेलाच्या नावावर घातली आहे आणि अर्धी पेंडीच्या. चिकनला साधारण १५, कारण एक किलो मांसामागे कोंबडी अडीच किलो खाद्य खाते.

डाळ एवढी वर का? तुरीचं हेक्टरी उत्पादन गव्हाच्या पाव हिश्शाइतकं, शिवाय भरडताना पंचवीस ते तीस टक्के टरफल-चुरीत जातं.

दुधाचा आकडा सगळ्यांत कच्चा. सहा लिटर देणाऱ्या म्हशीला शरीरपोषणाचा आणि दुधाचा मिळून लिटरमागे अर्धा ते पाऊण किलो खुराक लागतो, शिवाय हिरवी वैरण. कडबा, भुसा आणि सरकी पेंड हे दुसऱ्या पिकाचं उरलेलं असतं. त्यांची जमीन धान्याच्या किंवा कपाशीच्या खात्यावर आधीच लिहिलेली असते, ती पुन्हा दुधावर लिहायची नाही. ही वजाबाकी करून १०० लिटरला ५ गुंठे धरावेत. दही, तूप, पनीर विकत आणत असाल तर त्यांचं दूध करा: एक किलो पनीरला पाच-सहा लिटर.

ताटात उरलेलं आणि घंटागाडीत गेलेलं अन्न वेगळं मोजायचं नाही. ते खरेदीत आलेलं आहे. तरीही सात दिवस ओला कचरा ताणकाट्यावर तोलून बघाच. भाजीची देठं-सालं वेगळी आणि शिजवलेलं अन्न वेगळं, अशा दोन बादल्या करा. दुसऱ्या बादलीचं वजन म्हणजे जमीन, पाणी आणि गॅस तिन्ही वापरून झालेलं अन्न.

बाजरी सोडू नका

वरचे आकडे बघून कुणी म्हणेल, बाजरीला गव्हाच्या साडेतीन पट जमीन लागते, तर भाकरी बंद करून पोळी खाऊ. ठसा चुकीचा वाचला की असं होतं. सिन्नर-येवल्याकडची बाजरी पावसावर येते, हलक्या जमिनीत येते. गव्हाला रब्बीत पाण्याच्या पाच-सहा पाळ्या द्याव्या लागतात. ठशाला जमीन आणि कार्बन दिसतो, पाणी दिसत नाही. उसाचंही तेच: साखर आकड्यात धान्यांपेक्षा हलकी, पण ऊस वर्षभर पाणी पितो. जमिनीची धूप, नदीत जाणारं सांडपाणी, फवारण्या, कचऱ्यातून निघणारा मिथेन, यातलं काहीच या आकड्यात येत नाही. गोदावरीचं पाणी काळं झालं तरी ठसा तेवढाच राहतो.

म्हणून वहीत पाण्याला वेगळं पान ठेवा आणि ते लिटरमध्येच लिहा. शहरी घरासाठी माणशी दिवसाला १३५ लिटर हे सरकारी प्रमाण आहे. घराला वेगळा मीटर नसेल तर वरची टाकी भरून घ्या, पंप बंद ठेवा आणि सकाळी सहा ते दुसऱ्या सकाळी सहापर्यंत पातळी किती उतरली ते मोजपट्टीने बघा. टाकीची लांबी गुणिले रुंदी गुणिले उतार, तिन्ही मीटरमध्ये, गुणिले १,०००, एवढे लिटर. हे काम सुटीच्या आणि कामाच्या अशा दोन दिवशी करा.

घर आणि कागद

१,००० चौरस फूट बांधकामाला ठेकेदाराच्या ठोकताळ्याने ४०० गोण्या सिमेंट आणि ४ टन सळई जाते. एक गोणी सिमेंट म्हणजे सुमारे ३० किलो कार्बन डायऑक्साइड, बरोबर १ गुंठा. सळई १२ किलोला १ गुंठा. मिळून ७३३ गुंठे होतात. घराचं आयुष्य ६० वर्षं धरलं तर वर्षाला १२. फरशी बदलून नवी बसवताना सिमेंटचा हिशेब याच दराने करा.

घराखालची जागाही येते: प्लॉटचे गुंठे भागिले सदनिका, गुणिले २.५. दहा गुंठ्यांवर वीस सदनिका असतील तर सव्वा गुंठा. बांधकामाला पिकाऊ जमिनीचाच गुणक लावतात, कारण शहरं बहुधा चांगल्या जमिनीवरच पसरतात. मखमलाबाद आणि आडगावच्या बाजूला द्राक्षबागा होत्या तिथे उभ्या राहिलेल्या इमारती पाहिल्या की हा नियम वेगळा समजवावा लागत नाही.

वर्तमानपत्र आणि वह्या मिळून वर्षाला ४० किलो कागद होत असेल तर ४ गुंठे धरा. यात निम्मा माल रद्दीपासून बनलेला मानला आहे.

एका घराची बेरीज

उदाहरण म्हणून हजार फुटांच्या सदनिकेतलं चौघांचं घर घेऊ. वीज २,१०० युनिट म्हणजे ६०. सोसायटीच्या मीटरचा वाटा १४० युनिट, ४. नऊ सिलिंडर, १३. दोन दुचाकी आणि एक गाडी मिळून ६११ लिटर पेट्रोल, ४७. रेल्वे-बस, २. इथवर १२६.

गहू २४० किलो, १७. तांदूळ १०० किलो, ८. बाजरी ६० किलो, १५. डाळी ६० किलो, २१. तेल ४८ किलो, १२. साखर ४८ किलो, २. भाजी-फळं-कांदे ५६० किलो, ७. दूध रोज दीड लिटर, २७. खाण्याचे १०९.

बांधकाम १२, जागा १, कागद ४. एकूण २५२ गुंठे, माणशी ६३.

हा ६३ देशाच्या ११० शेजारी ठेवून ‘आपण बरे’ म्हणू नका. देशाचा आकडा वरून खाली काढतात. त्यात रस्ते, पूल, दवाखाने, शाळा, कारखाने सगळं येतं. आपण खालून वर मोजलं. कपडे, औषधं, मोबाइल, फर्निचर, हॉटेलातलं जेवण आणि पेट्रोल पंपापर्यंत आणायला लागलेली ऊर्जा यात नाही. तुलना करायची तर ४०शी करा: नुसतं दारातून आत आलेलं मोजलं तरी देशाच्या जमिनीत येणारा माणशी वाटा ओलांडला गेला.

आणखी एक मोजमाप जवळून बघा. नाशिक महापालिकेची हद्द सुमारे २६५ चौरस किलोमीटर, २०११च्या जनगणनेची लोकसंख्या १४.८६ लाख. रस्ते, नदी, टेकड्या धरून माणशी पावणेदोन गुंठे. अख्खा जिल्हा घेतला, सुमारे १५,५०० चौरस किलोमीटर आणि ६१ लाख लोक, तरी माणशी २५ गुंठे. हे साधे गुंठे आहेत, सुपीकतेचा गुणक न लावलेले, आणि लोकसंख्या त्यानंतर वाढली आहे. जिल्ह्यातून परदेशी जाणारी द्राक्षं आणि कांदा हे ज्या देशात खाल्ले जातात त्यांच्या ठशात धरतात. म्हणजे त्या २५ गुंठ्यांवर दुसऱ्यांचीही ताटं मांडलेली आहेत.

कात्री कुठे लावायची

मोठ्या आकड्यांपासून सुरू करा. कॅरीबॅगवर वर्षभर वाद घालून अर्धा गुंठाही हलत नाही.

पंखा: जुना ७५ वॉटचा, नवा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) २८ वॉटचा. रोज १२ तास, वर्षाला ३०० दिवस धरले तर १६९ युनिट वाचतात, जवळपास ५ गुंठे. तेही एका पंख्यामागे.

आंघोळ: २० लिटरची बादली २० अंशांनी तापवायला गिझरच्या गळतीसह अर्धं युनिट लागतं. चार बादल्या, २४० दिवस, ४८० युनिट, १४ गुंठे. छतावर सोलर हीटर असेल तर यातलं बहुतेक वाचतं. नाशिकच्या थंडीत पहाटे पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा रात्रभर टाकीतलं पाणी निवतं. टाकीचं वेष्टन फाटलेलं असेल किंवा टाकीपासून न्हाणीपर्यंतचा पाइप उघडा असेल तर सोलर असूनही गिझर चालू होतो, आणि बिल न बघता ते लक्षातही येत नाही.

पेट्रोल: ४७पैकी साधारण २६ गुंठे एकट्या गाडीचे, तेही फक्त ५,००० किलोमीटरमध्ये. सातपूर-अंबडला रोज एकेकटे गाडीने जाणारे तिघं एका गाडीत बसले तर कामाच्या फेऱ्यांचं पेट्रोल तिसऱ्या हिश्शावर येतं. सिटीलिंक या शहर बससेवेची फेरी वेळेला जुळत असेल तर त्याहून खाली.

दूध आणि डाळ पोषणाचा भाग आहेत, तिथे आकड्यासाठी कपात करू नका. तिथे फक्त फुकट गेलेलं मोजा.

दुसऱ्या वर्षी

उत्तर ‘२५२.३७’ असं लिहू नका. गुणक ठोकळ आहेत; वीस टक्के इकडेतिकडे धरून चालायचं. माणशी ६३चं ६१ झालं तर काहीच सिद्ध होत नाही, ५० झालं तर काहीतरी बदललं आहे. म्हणून स्वतःच्या घराची तुलना स्वतःच्या मागच्या वर्षाशी करा, शेजाऱ्याशी नको.

ग्रीडचा आकडा दर वर्षी थोडा हलतो. नवा आकडा घेतलात तर जुनं वर्षही त्याच नव्या आकड्याने पुन्हा काढा, नाहीतर ग्रीडमधला बदल तुमच्या घराच्या नावावर जमा होईल. त्यासाठी वहीत गुंठ्यांच्या आधी मूळ मापं लिहिलेली हवीत: युनिट, लिटर, किलो, किलोमीटर, माणूस-दिवस. शेजारच्या रकान्यात वापरलेला गुणक आणि तो कोणत्या वर्षाचा, हे लिहा. गुंठ्यांचा रकाना सगळ्यांत शेवटी आणि पेन्सिलीने भरा.